विंडोज १० नंतर काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून येतो: संगणक चालतो आहे, मग ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची का, आणि बदलायची तर कशावर जायचे? त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. मेनूंची आणि आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत दिसतील आणि तशीच टाइप करावी लागतील.

माझा विंडोज १० चा संगणक पूर्वीइतकाच नीट चालतो. तारीख संपली म्हणजे नेमके काय झाले? बदललेच पाहिजे का?

संगणक बंद पडत नाही, फाइली जात नाहीत, प्रोग्रॅमही चालू राहतात. थांबते ती सुरक्षेची डागडुजी. विंडोज १० आणि ११ यांच्या आतला बराचसा कोड सामाईक आहे. ११ मधले एखादे भगदाड बुजवणारा अपडेट आला की तो उघडून पाहणाऱ्याला भगदाड कुठे होते ते कळते, आणि १० मध्ये ते तसेच उघडे राहिलेले असते. त्यामुळे आधार संपलेली सिस्टिम पहिल्या दिवशी धोक्याची वाटत नाही, पण दर महिन्याला थोडी थोडी कमकुवत होत जाते. अँटिव्हायरस ओळखीचे व्हायरस पकडतो, सिस्टिममधले भगदाड तो बुजवत नाही.

घाई मात्र करू नका. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट येथे आवृत्ती २२एच२ आहे का ते पाहा. नसेल तर आधी तिथवर या. मग विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसते. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते आणि संगणकावर तुम्हाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क असावे लागतात. एका नोंदणीवर त्याच खात्याचे दहापर्यंत संगणक बसतात. दुवा दिसत नसेल तर बहुधा काही अपडेट बाकी असतात. ते सगळे बसवून संगणक पुन्हा सुरू करा आणि परत पाहा. यातून फक्त गंभीर आणि महत्त्वाची सुरक्षा दुरुस्ती मिळते, नवी सोय काही नाही. पण शांतपणे तयारी करायला वेळ मिळतो, आणि या कामात वेळच सगळ्यात मोलाचा.

जो संगणक कधीच इंटरनेटला जोडला जात नाही, एखादे जुने यंत्र किंवा जुना प्रोग्रॅम चालवण्यापुरताच ठेवला आहे, त्याला हात लावू नका. फक्त त्यात जाणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासा.

तपासणीचा प्रोग्रॅम म्हणतो, विंडोज ११ साठी टीपीएम २.० सापडले नाही. संगणक तर २०१९ चा आहे. नवा घ्यावा लागेल का?

बहुधा नाही. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय. त्या काळातल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ती असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘डिव्हाइस सिक्युरिटी’त ‘सिक्युरिटी प्रोसेसर’ पाहा. तपशिलात ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ दिसले तर अडचण दुसरीच आहे. तो भागच दिसत नसेल तर बायोसमध्ये जा: इंटेलच्या मदरबोर्डवर त्याचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम.

थांबा, बायोसला हात लावण्याआधी एक काम. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद आहे का ते पाहा. बऱ्याच लॅपटॉपवर ती मालकाच्या नकळत असते. टीपीएम किंवा सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचीच सिस्टिम चढू देणारी सोय) बदलले की संगणक पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ती कागदावर उतरवून घ्या आणि बायोस बदलण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. की नसेल तर त्या डिस्कवरचे काहीच परत मिळत नाही, कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडून नाही.

दुसरा अडथळा सिक्युअर बूटचा. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि ‘बायोस मोड’ पाहा. ‘यूईएफआय’ (सुरू होण्याची नवी पद्धत) असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू करणे एवढेच काम. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असते आणि ती आधी नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ (मधला २ हा अंक) नावाची आज्ञा आहे. तिला आधी ‘व्हॅलिडेट’ म्हणून फक्त तपासायला लावा, मग ‘कन्व्हर्ट’. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ती नकार देते. उलट क्रम केला, म्हणजे रूपांतर न करताच बायोस यूईएफआयवर टाकला, तर विंडोज सुरू होत नाही. घाबरू नका, काही पुसलेले नसते; बायोस पुन्हा लेगसीवर आणा.

प्रोसेसरच्या अटीवर मात्र उपाय नाही. इंटेलमध्ये आठवी पिढी किंवा पुढची लागते. आय५-८२५०यू मधला पहिला अंक ८, म्हणजे आठवी पिढी. आय५-७२००यू म्हणजे सातवी, ती बसत नाही. आय५-१०२१०यू मध्ये पहिले दोन अंक धरायचे, ती दहावी. रायझेनमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढचे, पण त्या मालिकेतलेही सगळे नाहीत. नेमका क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधा.

अटी चुकवून ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र फिरतात. ज्या संगणकावर तुमचे रोजचे काम आहे त्यावर त्या करू नयेत, असे आमचे ठाम मत आहे. अशा संगणकाला अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वार्षिक आवृत्ती आली की ती दर वेळी हाताने, पुन्हा तीच युक्ती करून बसवावी लागते. पहिल्या वर्षी उत्साह असतो. तिसऱ्या वर्षी तो संगणक परत जुन्याच आवृत्तीवर अडकलेला सापडतो.

संगणक ११ साठी पात्र आहे. फाइली न गमावता कसे जावे, आणि आवडले नाही तर परतता येते का?

जागच्या जागी अपग्रेड केल्यास फाइली आणि प्रोग्रॅम दोन्ही राहतात. सी ड्राइव्हवर ३० ते ४० जीबी मोकळे करा, बाहेरून बसवलेला अँटिव्हायरस काढा, प्रिंटर आणि बाहेरच्या डिस्क सोडवून ठेवा. मध्येच अडकलेल्या अपग्रेडची कारणे बहुतेक यांतच असतात. परतीसाठी दहा दिवस मिळतात: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. ही सोय ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरवर चालते. जागा मोकळी करण्याच्या नादात डिस्क क्लीनअपमधून तो उडवला की परतीचा रस्ता संपला.

लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय३ चा, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. लिनक्स टाकावे असे सगळे सांगतात. कोणते, आणि कसे?

लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम. पण तिच्या आधी डिस्कचे पाहू. फिरत्या डिस्कवर आजची कोणतीही सिस्टिम कण्हतच चालते, लिनक्ससुद्धा. ब्राउझर उघडला की डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसते ती याच कारणाने. अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) त्याच जागेत बसते. रॅमचा मोकळा खण असेल तर ८ जीबी करा. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच डकवलेली असते, म्हणून विकत घेण्याआधी झाकण उघडून पाहा. एवढ्याने लॅपटॉपचा वेग इतका बदलतो की निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आता सिस्टिम. विंडोजची सवय असलेल्यांना आम्ही लिनक्स मिंट सुचवतो: खाली पट्टी, डावीकडे मेनू, हात लगेच बसतो. २२ मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबीवर हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ जीबीवर सिनॅमन. कागदोपत्री २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क पुरते, पण २ जीबीवर आजचा ब्राउझर चार टॅब उघडूनच दमतो.

साधारण ३ जीबीची आयएसओ फाइल (बसवायची सगळी सिस्टिम या एकाच फाइलीत असते) अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) ‘गेट-फाइलहॅश’ आणि फाइलचे नाव दिले की लांबलचक सांकेतिक आकडा मिळतो; तो मिंटने दिलेल्या एसएचए२५६ आकड्याशी जुळला पाहिजे. अर्धवट उतरलेली फाइल बसवताना मध्येच चुका देते आणि लोक दोष लॅपटॉपला देतात. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या (त्यावरचे सगळे पुसले जाईल) आणि रूफस किंवा बॅलेना एचर वापरून फाइल त्यावर ‘लिहा’. नुसती कॉपी करून पेन ड्राइव्ह बूट होत नाही.

संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा: कंपनीनुसार एफ१२, एफ९, एफ१० किंवा एस्केप. पेन ड्राइव्ह निवडला की डिस्कला न शिवता मिंट सुरू होते. लोक इथे पाच मिनिटे इकडेतिकडे क्लिक करतात आणि लगेच ‘इन्स्टॉल’ दाबतात. तसे करू नका, दोन तास द्या. वाय-फाय जोडा. आवाज, माइक, कॅमेरा, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, प्रिंटर, प्रोजेक्टर किंवा टीव्हीची जोडणी, सगळे तपासा. झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा. झोपलेला लॅपटॉप उठत नाही, ही तक्रार बसवून झाल्यावरच लक्षात येते आणि सगळ्यात जास्त त्रास देते. तसे होत असेल तर बसवल्यानंतर अपडेट मॅनेजरमधून नवे कर्नल (सिस्टिमचा गाभा) घालून पाहता येते, पण उपाय लागू पडेलच असे नाही. वेग मात्र या चाचणीवरून ठरवू नका. पेन ड्राइव्हवरून सगळे हळूच चालते.

वाय-फाय दिसतच नसेल तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची असते. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच मिळते; मग ड्रायव्हर मॅनेजर योग्य ड्रायव्हर सुचवतो. बसवणाऱ्याला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये डिस्क जोडणीची (स्टोरेज) पद्धत ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर आहे, ती ‘एएचसीआय’वर हवी. विंडोजही ठेवायचे असेल तर थेट बदलू नका, विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये सेफ बूट निवडा, मग बायोस बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि नंतर सेफ बूटची खूण काढा.

बसवताना ‘मल्टिमीडिया कोडेक’ची (गाणी आणि व्हिडिओ चालवणारे भाग) खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पहिल्यांदा पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एमओके मॅनेजमेंट’ (बाहेरच्या ड्रायव्हरना परवानगी देण्याची जागा) येते आणि दहा सेकंदांत कोणती तरी कळ दाबावी लागते. ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, मग तोच पासवर्ड. हा पडदा बिघाड समजून सोडून दिला की नंतर एनव्हिडियाचे किंवा वाय-फायचे बाहेरून घातलेले ड्रायव्हर चढत नाहीत, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करा. ते सिस्टिमची प्रत ठेवते, बिघडलेला अपडेट दहा मिनिटांत मागे घेता येतो. तुमचे फोटो आणि कागदपत्रे मात्र त्यात येत नाहीत. त्यांची वेगळी प्रत ठेवा.

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर ठेवले तर? एका वाचकाच्या संगणकावर तेव्हापासून घड्याळही काही तास चुकते.

ठेवता येतात. दोन वेगळ्या डिस्क असतील तर उत्तम. एकाच डिस्कवर असतील तर जागा विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधूनच ‘श्रिंक’ करून काढा, लिनक्सच्या बाजूने विंडोजचे पार्टिशन कापू नका. लिनक्सला निदान ५० जीबी द्या. डिस्क रिकामी असूनही विंडोज थोडीच जागा सोडते, कारण हायबरनेशन, पेज फाइल आणि रिस्टोअर पॉइंट यांच्या फाइली मध्येच बसलेल्या असतात. ते तात्पुरते बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणे सक्तीचे समजा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज अर्धे झोपलेलेच असते, म्हणून लिनक्स त्याची डिस्क फक्त वाचू देते, लिहू देत नाही. जबरदस्तीने लिहिल्यास फाइली खराब होतात.

घड्याळाचे कारण सोपे आहे: संगणकाच्या बॅटरीवरचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिले की दोघांचे जमते. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर संगणक थेट विंडोजमध्ये जाऊ लागला तर लिनक्स पुसले गेले असे समजून पुन्हा बसवू नका. बहुतेक वेळा बायोसमधला बूटक्रम तेवढा बदललेला असतो.

कामाच्या एक्सेल फाइलींत मॅक्रो आहेत, शिवाय हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजचाच आहे. लिनक्सवर जावे का?

नाही. मॅक्रो (फाइलीत लिहिलेल्या, आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) रोजचे असतील तर जाऊ नका. एक्सेलला पर्याय असलेले लिब्रेऑफिस त्याच्या फाइली चांगल्या उघडते, पण एक्सेलच्या व्हीबीए भाषेतले मॅक्रो अर्धेमुर्धेच चालतात, आणि कोणते चुकले ते आकडे चुकल्यावर कळते. वाइन या लिनक्सवरच्या सोयीतून काही विंडोज प्रोग्रॅम चालतात. हिशेबासाठी मात्र त्यावर विसंबणे आम्हाला पटत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) विंडोज ठेवता येते, त्याला १६ जीबी रॅम हवी, आणि त्या आतल्या विंडोजलाही अपडेट हवेतच. फोटोशॉपसारखे अडोबीचे प्रोग्रॅम लिनक्ससाठी मिळत नाहीत. खेळांपैकी स्टीम या ऑनलाइन दुकानातले बरेच त्याच्या प्रोटॉन या सोयीमुळे चालतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट त्यांच्या फसवणूकविरोधी यंत्रणेमुळे चालत नाहीत.

फाइली साध्या असतील तर आधी प्रोग्रॅम बदला, सिस्टिम नंतर. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड हे सगळे विंडोजवरही चालतात. महिनाभर त्यांवरच काम करा. अडले नाही तर लिनक्सवर गेल्यावर परके वाटणारे फारच थोडे उरते. पाने इकडची तिकडे सरकत असतील तर बहुधा कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया हे फाँट नसतात. कार्लिटो आणि कॅलाडिया हे त्याच मापाचे फाँट बसवा, ओळी पुन्हा जागेवर येतात.

नव्या सिस्टिमवर मराठी टायपिंग आणि जुनी मराठी कागदपत्रे यांचे काय?

टायपिंगची चिंता नको. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कळफलक मिळतात. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून अदलाबदल करा. मिंटमध्ये आयबस (कळफलक बदलून देणारी सोय) आणि त्यासोबत ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज घाला, मग आयबसच्या पसंतीत मराठी जोडा. अक्षरांसाठी नोटो किंवा लोहित देवनागरी.

खरा प्रश्न जुन्या फाइलींचा आहे. युनिकोड (सर्व लिपींसाठीची आजची प्रमाण पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो देवनागरी, पण आत रोमन अक्षरेच साठवलेली असतात. परिच्छेद निवडा आणि फाँट ‘निर्मला यूआय’ करा. देवनागरी टिकली तर मजकूर युनिकोड आहे, तो कुठेही उघडेल. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर जुना फाँट आहे. असे दस्तऐवज जुना संगणक चालू असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरे, रफार, ‘र्‍य’ डोळ्यांनी तपासा. रूपांतरात तिथेच चुका होतात. बदलायला वेळ नसेल तर निदान फाँटच्या फाइली जपा आणि प्रत्येक दस्तऐवजाची फाँट आत घातलेली पीडीएफ करून ठेवा.

घरातल्या ज्येष्ठांना फक्त ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल लागतो. क्रोमओएस फ्लेक्स कसे?

गूगलची ही ब्राउझरवर आधारलेली सिस्टिम तेवढ्यासाठी चांगली. ४ जीबी रॅम, १६ जीबी डिस्क पुरते, अपडेट आपोआप होतात. त्यावर अँड्रॉइड अ‍ॅप चालत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. गूगलच्या प्रमाणित यादीत तुमचे मॉडेल आणि त्याच्या आधाराचे शेवटचे वर्ष पाहा. फोनवरून मदत कोण करणार, तेही ठरवा; त्या माणसाला जी सिस्टिम येते तीच बसवावी.

वापरलेला मॅक घेतला तर प्रश्न सुटेल?

इंटेल प्रोसेसरचा घेऊ नका. मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती, असे अ‍ॅपलने २०२५ मध्येच जाहीर केले आहे. एम१ (अ‍ॅपलचा स्वतःचा प्रोसेसर) किंवा पुढचा असेल तर विचार करा.

माझ्या सगळ्या फाइली क्लाउडवर आहेत. तरी वेगळा बॅकअप हवा का?

हवा. क्लाउड म्हणजे जुळणी: इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. बाहेरच्या डिस्कवर प्रत घेताना वनड्राइव्हमधल्या ज्या फाइलींपुढे ढगाची खूण आहे त्या संगणकावर नसतातच. फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, उतरू द्या, मगच कॉपी करा. लोक नेमके काय विसरतात: आउटलुकची पीएसटी फाइल (तिच्यात ईमेल असतात), ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, विकत घेतलेल्या प्रोग्रॅमच्या लायसन्स की, आणि डी ड्राइव्हवरचे जुने फोल्डर. लिनक्स बसवताना ‘इरेज डिस्क’ निवडले की त्या डिस्कवरचे सी आणि डी दोन्ही जातात.

प्रत झाली की ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडा. उघडल्या तर डिस्क सोडवून बाजूला ठेवा. सिस्टिम बसवत असताना ती जोडलेली राहता कामा नये, कारण यादीत दोन डिस्क दिसल्या की चुकीची निवडायला एक क्लिक पुरतो.